सात दिव्यांचा जबाब

तीस वर्षं मी रोक्कामारा नगरपालिकेचा पोलीस होतो. पोलीस म्हणजे काय, हवालदार मीच, शिपाई मीच आणि सकाळी कचेरीचं कुलूप उघडणाराही मीच. कुणाचं गाढव कुणाच्या मळ्यात शिरलं, कुणी सांडपाणी कुणाच्या दारात सोडलं, असली भांडणं मिटवण्यात उमर गेली. त्या तीस वर्षांत मोठं असं सरकारी काम माझ्या हातून एकच झालं. हवाई दलासाठी जबाब लिहायचे होते, आणि त्यातला महत्त्वाचा तेवढा मी धडधडीत खोटा लिहिला. आज माझं वय बहात्तर, पेन्शन चालू आहे आणि माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही. म्हणजे आता हे सांगण्यात मर्दुमकी काही नाही, ते आधीच कबूल करतो.

सगळ्याच्या मुळाशी एक कागदी फुगा आहे. ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या संताची, सान रोक्कोची मिरवणूक देवळात परतली की आम्ही चौकातून फुगे सोडतो. पातळ रंगीत कागदाचे, दोन पुरुष उंच, खाली तारेचं कडं आणि कड्यात राळेत भिजवलेल्या चिंध्यांचा बोळा. बोळा पेटवला की आत गरम हवा भरते आणि फुगा वर जातो. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. ज्यांचा जास्त उंच गेला ते वर्षभर मिशीला पीळ देत हिंडतात. अठ्ठ्याहत्तर साली वरच्या आळीचा मान माझ्याकडे आला. मी आणि सावेरियो शिंपी, दोघे दोन महिने खपलो. कागद त्याने बेतला, चिकटवला मी. चौकात सगळं गाव, बँड, खुद्द बिशपसाहेब. बोळा पेटवला, फुगा कमरेइतका वर उचलला, एका कुशीवर कलला आणि भक्कन पेटला. जळता कागद उडून थेट ढोलवाल्याच्या ढोलावर पडला.

खालची आळी हसली ते एक वेळ ठीक, पण आमचीही हसली. बिशपसाहेब रुमालात हसले. पुढे चार महिने मला पाव घ्यायला जायची चोरी झाली. भट्टीवाली रोकीना म्हणायची, "कानियो, पाव देऊ का, की तू घरीच भाजणार आहेस?" आणि दुकानातल्या बायका हात तोंडाला लावून फिदीफिदी. गणवेशातल्या माणसाला हसलेलं सोसत नाही, आणि माझ्या तर नाकाच्या शेंड्यावर राग. त्यांना काय वाटलं, मी ते विसरेन?

म्हणून डिसेंबरात आम्ही गुपचूप चाचणी घ्यायची ठरवली. माणसाच्या उंचीचे सात लहान फुगे केले, सातांचे बोळे वेगवेगळे. कुठला नीट जळतो ते बघायचं होतं. आता त्याच्या दोन वर्षं आधी एका फुग्याने गवताची गंजी जाळली होती, तेव्हापासून सणाखेरीज फुगा सोडायचा तर नगरपालिकेचा परवाना लागे. परवाना कोण देणार? मीच. नोंदवही माझ्या टेबलावर, शिक्का माझ्या खणात. एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. पण ती वही कचेरीतला कारकून रोज चाळायचा, आणि कानियोने पुन्हा फुग्यांचं खूळ घेतलंय हे दुपारच्या आत चौकात पोचलं असतं. म्हणून मी लिहिली नाही. बाकी काही कारण नव्हतं.

संध्याकाळी आठच्या सुमारास कबरस्तानामागच्या टेकाडावरून सोडले. सातही एका लांब दोरीत बांधलेले, पंधरा-पंधरा पावलांवर एकेक, म्हणजे पुन्हा ओढून घेता येतील. दोरी माझ्या हातात होती. वारा अजिबात नव्हता, आणि सगळे एका रांगेत असे चढले की काय सांगू. "उडले रे, कानियो," म्हणून सावेरियो लहान पोरासारखा माझा दंड धरून उभा. मग वरच्या वाऱ्याने ओढ दिली आणि दोरी हातातून सुटली. रांग तशीच्या तशी खोऱ्याकडे निघाली, हळूहळू खाली उतरली आणि डोंगराच्या सोंडेआड गेली. नदीत पडले असतील म्हणून आम्ही घरी आलो, एकेक ग्लास वाइन घेतली. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

सोंडेपलीकडे रेल्वेचं फाटक होतं आणि त्यापुढे नदीवरचा पूल. फाटकवाली इन्कोरोनाता. मूळची फोज्जा शहराकडच्या सपाट मैदानी मुलखातली. नवरा लाइनवर कामाला होता, तो गेल्यावर रेल्वेने फाटक तिच्या नावावर केलं आणि फाटकाचं घर तिच्याकडे राहू दिलं. दोन खोल्या, कोंबड्या, परसात बिही नावाच्या आंबट फळाचं एक झाड, आणि अंथरुणाला खिळलेली आई. चौदा वर्षं ती तिथे होती तरी गावात तिचा उल्लेख व्हायचा तो 'ती मैदानातली' असाच. मी मात्र तिला चांगला ओळखत होतो. नवरा रुळावर अपघातात गेला तेव्हा ती बातमी घेऊन तिच्या दारात मीच उभा राहिलो होतो.

तर त्या संध्याकाळी इन्कोरोनाताने पाहिलं, की तांबूस सात दिवे एका रांगेत पुलावर उतरताहेत. आणि आठ चाळीसची पॅसेंजर यायची वेळ झालेली. तिने फाटक पाडलं, लाल कंदील घेतला आणि गाडीच्या दिशेने रुळातून धावत सुटली. गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून तिच्याबरोबर पुलापर्यंत गेला. पुलावर काही नव्हतं, तोवर माझे फुगे नदीच्या पोटात गेले होते. गाडी चाळीस मिनिटं लेट. ड्रायव्हरने संतापून तक्रार लिहिली, एका उतारूने वर्तमानपत्राला कळवलं, आणि त्या वर्षी तर सगळ्या इटलीला आकाशात काही ना काही दिसत होतं. 'रोक्कामारावर सात उडत्या तबकड्या' असा मथळा आला. आठवड्याच्या आत हवाई दलाचे कॅप्टन चौकशीला हजर.

रेल्वेने हवाई दलाचा निकाल येईपर्यंत इन्कोरोनाताला कामावरून थांबवलं होतं. रेल्वेचं म्हणणं सरळ होतं. आकाशात दिवे होते असं हवाई दलाने म्हटलं, तर बाईने कर्तव्य केलं. दिवे नव्हतेच म्हटलं, तर नसलेलं दिसणाऱ्या माणसाला फाटकावर ठेवता येत नाही. आणि फाटक गेलं की घर गेलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी असं समजू नका की मला नंतर कळलं.

कॅप्टनांचं नाव बेल्ट्रामे. उत्तरेकडचा माणूस, उंच, सभ्य, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा. माझ्याच कचेरीत बसले. त्यांच्याजवळ छापील फॉर्म होता, चाळीस-एक प्रश्नांचा. रंग कोणता, दिशा कोणती, हात लांब करून मूठ धरली तर वस्तू मुठीच्या मानाने केवढी. जबाब टाइप करायला मी, कारण गावाची बोली त्यांच्या डोक्यावरून जायची. पहिल्या सकाळीच त्यांनी विचारलं, "हवालदार, तुमच्याकडे ते कागदी फुगे उडवतात ना?"

मी वही पुढे ओढली. म्हटलं, "उडवतात, साहेब. ऑगस्टमध्ये, संताच्या दिवशी."

"डिसेंबरात?"

"परवान्याशिवाय नाही. ही नोंदवही."

त्यांनी वही उघडली, ऑगस्टपासून पुढची पानं नीट वाचली. डिसेंबर कोरा होता. वही मिटून त्यांनी चक्क माझे आभार मानले. म्हणाले, इतक्या ठिकाणी चौकशा केल्या पण इतकी व्यवस्थित वही पहिल्यांदाच पाहिली.

मग गाववाल्यांचे जबाब. मी कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो, सावेरियोही नाही. पण कबरस्तानाच्या वाटेने दोन माणसं सात गुंडाळ्या घेऊन जाताना आमच्या गावात दिसायची राहतात का? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि सगळे मूग गिळून बसले. रोकीना आली, खुर्चीत ऐसपैस बसली, म्हणाली, "मी कणीक मळत होते, साहेब. कणीक मळताना मान खाली असते." जाताना माझ्या टेबलाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "घाबरू नकोस. तू आपला आहेस." चार महिने मला हसणारी बाई. खरं सांगू, तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या गावाने मला पोटाशी धरलं असं वाटलं, आणि त्याच हाताने दुसऱ्या कुणाला ढकललं जातंय हे मी बघूनही बघितलं नाही.

अकरा जबाब झाले. अकराही जणांनी त्या संध्याकाळी खाली बघितलं होतं. कॅप्टन म्हणाले, "या गावात कुणी वर बघतच नाही की काय?"

"थंडी असते, साहेब," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी इन्कोरोनाता आली. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले, हातात नवऱ्याचं रेल्वेचं घड्याळ. मला बघून तिचा चेहरा जरा सैल झाला. कॅप्टनांना म्हणाली, "बरं झालं हे आहेत. हवालदारसाहेब मला ओळखतात."

तिच्याइतका स्वच्छ जबाब मी आयुष्यात टाइप केला नाही. किती वाजता दिसले? आठ वाजून सव्वीस मिनिटं, ह्या घड्याळात. किती? सात, दोनदा मोजले. केवढे? "आधी मसुराच्या दाण्याएवढे, मग चण्याएवढे झाले." रंग? "तांबूस. विजेच्या दिव्याचा नव्हे. चुलीतल्या निखाऱ्याचा." आवाज? नाही. अंतर?

"सारखं अंतर होतं, साहेब. दोरीवर कपडे वाळत घालतात तसे. आमच्या तारेच्या कुंपणाचे खांब आहेत ना, त्यांच्यावरून ताडून पाहिलं. फक्त शेवटचा मागे पडत होता. विझतोय की काय असं वाटायचं, पुन्हा पेटायचा."

माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. शेवटच्या फुग्याचा बोळा माझ्या जुन्या लोकरी कोटाचा होता. लोकर धुमसते, नीट जळत नाही, असं सावेरियो दहादा म्हणाला होता आणि मी त्याला गप्प बसवलं होतं.

"हवालदार?" कॅप्टन म्हणाले.

"रिबन अडकली, साहेब."

कॅप्टनांनी तिला शेवटी विचारलं, की दिवे काय होते असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. मला वाटण्याचे पैसे मिळत नाहीत. पुलावर दिवा दिसला की गाडी थांबवायची, एवढं मला शिकवलंय." जबाबाखाली सही करताना अक्षर जरासुद्धा हललं नाही तिचं. निघताना मला म्हणाली, "आई विचारत होती तुम्हाला. बिहीचा मुरंबा केलाय, एकदा येऊन घेऊन जा."

ती गेल्यावर कॅप्टनांनी सगळे जबाब पुन्हा चाळले. म्हणाले, "ही बाई खोटं बोलत नाही. आणि अकरा माणसांना काही दिसलं नाही, म्हणजे तेही खोटं बोलत नसतील. मग मी लिहू काय?" फॉर्मचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. शेवटची चौकट, साक्षीदाराविषयी स्थानिक अधिकाऱ्याचं मत. "मी परका माणूस, तीन दिवसांत माणूस काय कळणार? तुम्ही तिला चौदा वर्षं ओळखता. तुम्ही जे लिहाल त्याप्रमाणे मी निष्कर्ष काढीन. जेवून या, सावकाश लिहा."

जेवायच्या सुटीत सावेरियो कचेरीत आला. टोपी हातात, गळ्यात टेप तशीच लटकलेली. दार लावून म्हणाला, "कानियो, मी सांगून टाकतो. मी सोडले म्हणतो. मी म्हातारा शिंपी, मला काय करतील? दंड करतील. बाईचं घर चाललंय रे."

आता बघा, सुटायची वाट समोर होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही.

"आणि दोरी कोणी धरली होती विचारलं तर?" मी म्हटलं. "सात फुगे एकट्याने पेटवलेस? तुझे हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही तुझ्या, हे गावाला माहीत आहे. कॅप्टन दोन प्रश्नांत माझं नाव काढतील तुझ्या तोंडून. परवाना नाही, गाडी अडली, माझा गणवेश उतरवतील. माझ्या पोरींचं काय?"

पोरींची नावं मी मधे घातली. खरं तर मला गणवेशाची भीती होती ती निम्मी. उरलेली निम्मी भीती चौकाची होती. कानियोने पुन्हा फुगा उडवला आणि ह्या वेळी रेल्वेच अडवली. शंभर वर्षं ही गोष्ट गावात सांगितली गेली असती. माझ्या मयतीलाही सांगितली असती. सावेरियोने टोपी घातली आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतं.

मी बसलो आणि तीन ओळी लिहिल्या. अजून पाठ आहेत. 'साक्षीदार स्त्री प्रामाणिक व चांगल्या वर्तनाची आहे. परंतु पतीच्या अपघाती निधनापासून तिच्या मनावर ताण असून तिला नसलेल्या गोष्टींचे भास होतात असे गावात बोलले जाते. रुळाच्या बाबतीत ती विशेष हळवी आहे.' प्रामाणिक हा शब्द मी मुद्दाम घातला. त्याने माझंच मन जरा हलकं होईल असं वाटलं.

कॅप्टनांनी वाचलं. "असं बोलतात गावात?"

"बोलतात, साहेब."

कुणीसुद्धा बोलत नव्हतं. पण कॅप्टन नीट काम करणारा माणूस. जाताना मला घेऊन भट्टीवर थांबले आणि रोकीनाला विचारलंच. रोकीनाने क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळायचं ते कळलं. कपाळाला बोट लावून म्हणाली, "बिचारी. नवरा गेल्यापासून." मग काय, आठ दिवसांत सगळं गाव तेच म्हणू लागलं. पुढे पुढे तर लोकांना जुने प्रसंगही आठवायला लागले.

फेब्रुवारीत रेल्वेचं पत्र आलं. फाटकाच्या कामास अपात्र, मार्चअखेर घर रिकामं करावं. तिची बहीण फोज्जात राहायची, तिच्याकडे जायचं ठरलं. सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी मदतीला गेलो. गेलो कशाला, ते आजही सांगता येत नाही. कपाट उचललं, पलंग उचलला. तिच्या आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. म्हातारी माझा हात सोडेना, मला पुन्हा पुन्हा दुवा देत होती.

ट्रक सुटायच्या आधी इन्कोरोनाता माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंच वाटत होतं.

"हवालदारसाहेब, तुम्ही काय लिहिलंत ते रेल्वेच्या साहेबांनी मला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "मला राग नाही आला. पहिल्यांदा आला, खोटं कशाला बोलू. मग विचार केला, हा माणूस मला इतकी वर्षं बघतोय. माझं वाईट करून ह्याला काय मिळणार? म्हणजे ह्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार. मलाच कळलं नाही."

मी म्हणालो, "तिकडे हवापालट होईल. बरं वाटेल."

इतकंच म्हणालो. ट्रक गेला, मी सायकल ढकलत चढ चढलो. सहा महिन्यांत तिची आई गेल्याचं कळलं. मैदानातला उन्हाळा म्हातारीला सोसला नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये वरच्या आळीचा फुगा पुन्हा माझ्याकडे. ह्या वेळी तो इतका उंच गेला की ठिपका झाला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. रोकीनाने गालाचा मुका घेतला. मी कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानामागे जाऊन ओकलो आणि पुन्हा येऊन चौकात उभा राहिलो. त्यानंतर मी फुग्याला हात लावला नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

आणि मग काय? मग काही नाही. नोकरी चालू राहिली. दर वर्षी ठरवायचो, की हवाई दलाला पत्र लिहू. एकदा पोरीचं लग्न होतं, एकदा बढतीचा कागद वर गेला होता. निमित्तांना काय तोटा? सावेरियो सत्त्याऐंशीत गेला. मी रिटायर झालो चौऱ्याण्णवला, पेन्शनचा पहिला चेक हातात पडला, आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोज्जाची बस पकडली. पेन्शन पक्की झाल्यावर. ह्याची लाज मला त्या खोट्या जबाबापेक्षा जास्त वाटते.

पत्ता शोधत तिच्या रस्त्याला लागलो तर ती घराबाहेरच दिसली. समोरच्या फुटपाथवर, सिग्नलपाशी. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. सिग्नल हिरवा झाला. ती जागची हलली नाही. तांबडा झाला, पुन्हा हिरवा झाला. तरी उभीच. मग मागून दोन बाया आल्या आणि सरळ चालू लागल्या, तेव्हा ती त्यांच्या अगदी पाठीला लागून रस्ता ओलांडून आली. इतकी वर्षं जिने तांबडा-हिरवा दाखवून गाड्या पास केल्या, ती बाई. मला वाटलं, इथूनच परत फिरावं.

पण तिने मला ओळखलं होतं. काय आनंद झाला तिला. वर नेलं, बहिणीची ओळख करून दिली, कॉफी ठेवली. कॉफी ओतून झाल्यावर आत डोकावून बहिणीला म्हणाली, "गॅस बंद केला ना गं मी?" बहीण म्हणाली, केलास. दोन मिनिटांनी पुन्हा, "बघ ना जरा, बंद आहे ना?" बहिणीने उठून बघितलं. तिला ते सवयीचं झालेलं दिसलं.

कॉफी तशीच राहू दिली मी आणि बोलून टाकलं. फुगे, सात, एका दोरीत, टेकाडावरून. मी आणि सावेरियो. परवाना घेतला नव्हता. गाव माझ्यासाठी गप्प बसलं. गावात तुझ्याविषयी कुणी काही बोलत नव्हतं, ते मी रचलं. मी तिला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होतो आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. "तू बरोबर पाहिलंस, इन्कोरोनाता," मी म्हटलं. "शेवटचा मागे पडत होता. त्याच्यात माझ्या जुन्या कोटाची लोकर होती. तू एकही चूक केली नाहीस."

ती ऐकत होती. मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. मी वाट बघत होतो, की आता ओरडेल, कप फेकून मारेल. मारावा म्हणूनच आलो होतो.

"कधीपासून होतंय हे?" तिने विचारलं.

"काय?"

"असं वाटायला लागून किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, "वाटत नाही गं. हे झालंय. मी स्वतः केलंय."

"हो, हो," ती अगदी हळू म्हणाली, ताप आलेल्या माणसाशी बोलतात तसं. "पण बघा ना, कॅप्टनसाहेबांनी वही तपासली होती की नाही? अकरा माणसं विचारली. फुगे असते तर एक तरी बोललं नसतं? अख्खं गाव कसं खोटं बोलेल? आणि तुम्ही? तुमचा शिक्का आहे त्या कागदावर. मी पाहिलाय."

दोरीजवळ माझ्याशिवाय एकच माणूस होता. सावेरियो मेला होता. मी म्हटलं, "मी आजच लिहून देतो. हवाई दलाला, रेल्वेला, जिथे सांगशील तिथे."

तिने घाईने माझ्या हातावर हात ठेवला. "नको. मुळीच नको. तुम्हालाच काहीबाही ठरवतील ते. पेन्शन आहे ना तुमची? मग. कागदावर एकदा आलं की पुसत नाही ते, मला विचारा."

मग खुर्ची जवळ ओढून ती सांगू लागली. तिचंही सुरुवातीला असंच व्हायचं. रोज नवं कारण शोधायची. मेंढपाळांच्या मशाली असतील, विमान असेल, नदीत पडलेलं चांदणं असेल. झोप उडाली होती. शेवटी इथल्या डॉक्टरांनी समजावलं, की कारण शोधायचं नाही, नव्हतं म्हणायचं. मग हळूहळू सुटलं. आता ती फारसा विश्वास ठेवतच नाही डोळ्यांवर, दुसऱ्याला विचारून घेते, त्यामुळे त्रास नाही.

"फार चांगले आहेत डॉक्टर," ती म्हणाली. "आणि तुम्ही तर एवढ्या लांबून बस करून आलात, म्हणजे किती त्रास होत असेल."

बहिणीकडून तिने पेन्सिल मागून घेतली. औषधाच्या जुन्या पाकिटावर डॉक्टरांचं नाव, पत्ता, बसण्याची वेळ लिहिली. बहिणीला दाखवून बरोबर आहे ना विचारलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"लाजू नका," ती म्हणाली. "आजार तो, त्यात लाज कसली? जाल ना?"

मी कागद घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला, आणि जाईन म्हणालो.